तंजावरच्या दोन भिंती

तंजावर म्हटले की मराठीच्या अध्यापकाला ठरावीक गोष्टी आठवतात. व्यंकोजीराजांनी तेथे स्थापिलेले राज्य, शाहराजांची नाटके, सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय. मराठीतील पहिले नाटक तंजावरचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' की सांगलीचे १८४३ चे 'सीतास्वयंवर', या वादापुरते तंजावर आपल्या वर्गात येते आणि प्रश्नपत्रिकेबरोबर निघून जाते. विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो तो याच शिदोरीवर.

बृहदीश्वराच्या आवारात १८०३ मध्ये सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. परमुलखात, दगडावर, देवनागरीत, ओळीमागून ओळ मराठी. मुले हरखली. छायाचित्रे निघाली. कोणीतरी म्हणाले, "सर, हे तर आपलंच आहे!" मीही मान डोलावली.

त्याच मंदिराच्या दुसऱ्या भिंतींपाशी मात्र आम्ही क्षणभरही थांबलो नाही. त्यांवर तमिळ लेख आहेत. राजराज चोळाच्या काळातले, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे. त्यांत काय आहे, हे मी परतल्यावर भाषांतरांतून वाचले आणि ओशाळलो. मंदिराच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावे तेथे आहेत. कोणती कोणत्या रस्त्यावर, कितव्या घरात राहते आणि तिच्या वाट्याला वर्षाला किती भात, याचीही नोंद आहे. नट्टुवन, गायक, वादक, शिंपी, सुतार, कुंभार, परीट, न्हावी यांचेही वाटे ठरवून दिले आहेत. आपल्या भिंतीवर एक राजवंश आहे. त्या भिंतीवर एक गाव आहे. आम्ही वंश वाचला आणि गाव ओलांडून पुढे गेलो.

ते गाव अजून संपलेले नाही, हे अधिक महत्त्वाचे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नजर पोचेल तिथवर भाताची खाचरे आहेत. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैत स्थपती आजही मेणाची मूर्ती घडवतात, तीवर कावेरीच्या गाळाची मऊ माती लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. प्रमाणे मोजायला नारळाच्या झावळीची पट्टी, दुमडून दुमडून खुणा केलेली. साचा प्रत्येक वेळी फोडावा लागतो, म्हणून एक मूर्ती दुसरीसारखी नसते. शेतातले भात आणि ओतशाळेतली माती एकाच नदीची. कावेरीचे पाणी आटले तर केवळ पीक जाणार नाही. २०२० मध्ये तमिळनाडूने या प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवणारा कायदा केला. त्याकडे मी आता शेतीचा कायदा एवढ्याच अर्थाने पाहत नाही.

जेवणाचेही तेच. केळीच्या पानावर सांबार वाढले गेले की ते संभाजीराजांच्या नावावरून आले, ही कथा आपल्यापैकी कोणीतरी हटकून सांगतो. कथा म्हणून ती गोड आहे. पण सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याची खरी साक्ष देणारे 'सरभेंद्र पाकशास्त्र' मराठीतच लिहिलेले आहे आणि ते आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिले? अभिमानाला पुराव्यापेक्षा दंतकथा सोपी पडते.

सर्वांत जास्त टोचले ते निराळेच. तंजावर दरबारच्या मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर तेथील तमिळ विद्यापीठाने खंडशः प्रसिद्ध केले आहे. आपली लिपी त्यांनी वाचली, कारण तो त्यांच्या प्रदेशाचा इतिहास होता. आणि आम्ही मराठीचे पदव्युत्तर वर्ग चालवणारे! आमच्यातल्या किती जणांना मोडी वाचता येते? तमिळची तर गोष्टच सोडा.

तंजावरला जाऊ नये असे मला मुळीच म्हणायचे नाही, जरूर जावे. पण 'आपले काय आहे' हे शोधण्यासाठी गेलेला माणूस आरशासमोर उभा राहून परत येतो. पुढच्या वेळी मुलांना नेईन तेव्हा आधी त्या चारशे नावांतली काही वर्गात वाचून दाखवीन. मग मराठी भिंतीपुढे खुशाल छायाचित्रे काढावीत.