निवड यंत्राची, उत्तर कोणाचे?

‘यंत्राला पक्ष नसतो, म्हणून त्याने निवडलेली बातमी अधिक विश्वासार्ह’ हा युक्तिवाद विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडूनही ऐकू यावा, याचे आश्चर्य वाटते. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०१६ च्या बहुराष्ट्रीय पाहणीत, पूर्वीच्या वाचनावरून आपोआप निवडलेल्या बातम्या ३६ टक्के लोकांना पसंत होत्या. संपादक-पत्रकारांनी निवडलेल्या ३० टक्क्यांना.

पत्रकारांवरील रोष निराधार मुळीच नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लार्ज हॅड्रॉन कोलायडर सुरू होताना आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी पृथ्वीच्या अंताच्या घटका मोजल्या. ती निवड माणसांनीच केली होती, आणि प्रेक्षकसंख्येकडे डोळे लावून केली होती. पण हेच पाप अल्गोरिदमने नियम म्हणून स्वीकारले आहे.

जुलै २०२३ मधील ‘एलके-९९’ आठवा. सामान्य तापमानाला आणि दाबाला अतिसंवाहक ठरणारा पदार्थ सापडल्याचा दावा दक्षिण कोरियातील संशोधकांनी केला. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याची चित्रफीत जगभर फिरली. काही दिवसांतच नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तोच पदार्थ बनवून पाहिला. त्या नमुन्यात अतिसंवाहकता आढळली नाही. रोधात दिसलेली आकस्मिक घट कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीमुळे होती, हेही पुढे उलगडले. यातले फीडमध्ये काय टिकणार? तरंगणारा तुकडा, की ‘आढळली नाही’ हे दोन शब्द? विज्ञानाचे निम्मे काम नकाराचे असते, आणि नकारावर टिचकी मारायला कोणी थांबत नाही. टिचक्यांचा हिशेब मांडून निवड करणारे यंत्र निःपक्षपाती कसे? त्याचा पक्ष म्हणजे तुमची कालची उत्सुकता.

वृत्तपत्रावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापण्याचे बंधन १८६७ च्या कायद्याने घातले. पुढे संपादकाचेही आले. त्या नावाला पत्र धाडता येते, खुलासा मागता येतो, प्रेस कौन्सिलकडे तक्रार नेता येते. (खुलासा आतल्या पानावर, बारीक टंकात येतो, हे खरे, पण येतो.) फीडच्या तळाशी कोणाचे नाव असते? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थ मंचांना संरक्षण देते. मजकूर कोणाकडे जावा हे मंचाने स्वतः न ठरवणे, हा त्यातील एक निकष. फीड तर क्षणोक्षणी नेमके तेच ठरवते!

विज्ञानवार्तेपुरती तरी एक मागणी रास्त आहे : ज्यांना दावा दाखवला, त्यांनाच त्याचे खंडनही दाखवा. कोणाला काय दाखवले याची नोंद मंचांपाशी असतेच.