फोटो मोठा, टॅबलेट छोटा

कन्नौदच्या आमच्या घरी पणजीचा एकच फोटो आहे. नेमावरला नर्मदाकाठी, सिद्धनाथाच्या देवळासमोर काढलेला. ओल लागून तिच्या गालावर डाग पडलाय. दिवाळीला आत्या येणार, तिला तो नीट करून द्यावा म्हणून ८ बाय १० इंचांचा तो फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून आणला आणि माझ्या २ जीबी रॅमच्या टॅबलेटवर उघडला. तिसऱ्या लेयरला अ‍ॅप बंद! तासाभराची मेहनत गेली.

फाइल तर ९ एमबीचीच होती. पण जेपीईजी म्हणजे घडी घातलेली चादर. काम करताना ती पूर्ण पसरावी लागते. ४८०० गुणिले ६०००, म्हणजे २ कोटी ८८ लाख पिक्सेल. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर ११५ एमबी. प्रत्येक पूर्ण लेयरला पुन्हा तेवढेच.

वैतागून मी फोटो लहान करून त्याच नावाने सेव्ह करणार, तोच आई म्हणाली, "अगं, मूळ फोटो दरवर्षी पुसट होतोय. हा स्कॅन गेला तर?"

हात थांबला. मूळ फाइल आधी पेन ड्राइव्हवर ठेवली. मग कॉपीची लांबी-रुंदी निम्मी केली. मेमरी एकदम पाव, २९ एमबी. ८ बाय १० च्या प्रिंटला ३०० डीपीआय पुरतात. बाकी अ‍ॅप्स बंद केली, झालेले लेयर मर्ज करत गेले.

आत्या फोटोकडे बघतच राहिली. म्हणाली, "आजीच्या गालावर तीळ होता, तो कुठे गेला?"

डागाबरोबर तीळही पुसला होता मी! मूळ फाइल होती म्हणून परत आणता आला.