थर्मासचा वास आणि रुग्णाची तक्रार

घरातील कोणी रुग्णालयात दाखल झाले की काही वस्तू जणू न सांगताच पिशवीत जाऊन बसतात: पांघरूण, टॉवेल, वाटी-चमचा आणि स्टीलचा थर्मास. त्या धावपळीत थर्मासमधून दुधाची कॉफी जाते. थोडी प्यायली जाते, थोडी तळाशी राहते. घरी परतण्याच्या गडबडीत थर्मास झाकणासकट पिशवीतच राहून जातो आणि तीन-चार दिवसांनी उघडावा, तर आतून खवट, कुबट वासाचा भपकारा येतो. आपण तो साबणाने घासतो, विसळतो. आत डोकावल्यास पोलाद चकाकत असते. मग त्याच थर्मासमध्ये आजारातून उठलेल्या माणसासाठी कोमट पाणी भरून ठेवले जाते. एक घोट घेऊन तो भांडे बाजूला सारतो आणि म्हणतो, "पाण्याला वास येतो आहे."

आजारपणात तोंडाची चव जातेच, असे म्हणून आपण ही तक्रार कानाआड करतो. येथेच आपली चूक होते. वयस्कर माणसांना तहान मुळातच कमी जाणवते. त्यात पाण्याला वास येऊ लागला, तर ती पाणी पिण्याचे टाळतात आणि ते का टाळले, हे पुन्हा सांगतीलच असे नाही. म्हणून थर्मासला वास येतो असे घरातील कोणीही म्हटले, तर प्रथम थर्मास तपासावा.

हा वास येतो कोठून? स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असते. हवेच्या संपर्काने त्याचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर तयार होतो आणि तोच पोलादाचे गंजण्यापासून रक्षण करतो. असे पोलाद वास शोषून घेत नाही. वास धरून ठेवतो तो त्याच्यावर बसलेला राप. कॉफीतील तपकिरी रंगद्रव्ये पृष्ठभागाला चिकटतात. पाणी जड असेल तर त्यातील क्षारांमुळे राप अधिक घट्ट होतो. कॉफीतील तेल त्या रापात मुरते आणि हवा लागून खवट होते. दुधाची कॉफी असल्यास स्निग्धांश व प्रथिने यांचे पुटही त्यावर चढते. मात्र सर्वांत हट्टी वास असतो तो झाकणात. झाकणाच्या आतली रबरी किंवा सिलिकॉनची रिंग, फिरकीचे आटे आणि दाबून ओतण्याच्या कळीखालची पोकळी या तीन ठिकाणी आपला हात सहसा पोहोचत नाही. भांडे दहा वेळा घासूनही वास जात नसेल, तर दोष बहुधा येथे सापडतो.

सफाईची सुरुवात म्हणूनच झाकणापासून करावी. रिंग बोथट चमच्याच्या दांड्याने अलगद सोडवावी. सुरी वापरल्यास ती चिरते आणि चिरेत पुन्हा घाण साठते. सुटे होणारे सर्व भाग भांड्याच्या साबणाने धुऊन, वाटीभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून तासभर भिजत ठेवावेत. जुन्या, मऊ दातब्रशाने आटे घासावेत. एवढे करूनही रिंगेचा वास जात नसेल, किंवा ती चिकट वा भेगाळलेली असेल, तर मिळाल्यास नवी रिंग बसवावी.

मग थर्मासकडे वळावे. अर्ध्या लिटरच्या थर्मासमध्ये एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यावर हळूहळू गरम पाणी ओतावे. पाणी थोडे फसफसते; झाकण मुळीच लावू नये. दोन ते तीन तास तसेच ठेवून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने तळापासून गळ्यापर्यंत घासावे. सोडा अल्कधर्मी असल्याने तेल आणि तपकिरी राप सैल करतो. ब्रश आत जात नसेल, तर मूठभर कच्चे तांदूळ, थोडा सोडा व गार पाणी घालून गळ्यावर हात धरून थर्मास हलवावा. ते तांदूळ नंतर टाकून द्यावेत. तळाशी पांढरट खरखरीत थर उरला असल्यास तो क्षारांचा असतो आणि त्याला आम्ल लागते. सोड्याचे पाणी पूर्ण काढून, विसळून, मग अर्धा लिटर कोमट पाण्यात लहान चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास ठेवावे. सोडा आणि आम्ल एकत्र करू नये. फेस भरपूर येतो, पण दोघे एकमेकांचा गुण मारतात. आणि बंद थर्मासमध्ये तयार होणारा वायू झाकण उडवू शकतो.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. कपड्यांचे क्लोरीनयुक्त ब्लीच थर्मासमध्ये घालू नये. क्लोरीन पोलादाचा संरक्षक थर भेदून बारीक खड्डे पाडते. शिवाय ब्लीचमध्ये आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. मिठाचे पाणी रात्रभर ठेवण्यानेही तसेच खड्डे पडू शकतात. तारेच्या घासणीचे ओरखडे पुढच्या रापाला आधार देतात. थर्मास गॅसवर कधीही तापवू नये, कारण त्याच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते. वेलदोडा किंवा लवंग टाकून वास झाकणे तर निरर्थकच. राप आत तसाच राहतो.

आता आरोग्याचा मुख्य मुद्दा. वास गेला म्हणजे जंतू गेले असे नव्हे आणि वास आला म्हणजे जंतू आहेतच असेही नव्हे. पण दुधाचा अंश जिथे राहतो, तिथे दोन्हींना जागा मिळते. काही जिवाणूंचे बीजाणू दूध उकळूनही टिकतात आणि ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात त्यांची वाढ होऊ लागते. निवत चाललेला थर्मास हीच ऊब पुरवतो. त्यांपैकी काहींनी सोडलेले विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून दुधाची कॉफी वा चहा थर्मासमध्ये भरण्यापूर्वी तो कढत पाण्याने पाच मिनिटे तापवून घ्यावा, पेय उकळते असतानाच भरावे, दोन तासांत संपवावे आणि उरलेले टाकून द्यावे. थर्मासचे अंग बाहेरून गरम लागू लागले, तर पोकळीतील निर्वात स्थिती गेली असे समजावे. असा थर्मास दुधाच्या पेयांसाठी वापरू नये. शक्य असल्यास रुग्णाच्या पाण्यासाठी थर्मास वेगळाच ठेवावा.

धुतल्यावर थर्मास व झाकण सुटेच वाळवावे, आणि कपाटात ठेवतानाही झाकण लावू नये. ओलावा कोंडला की कुबट वास पुन्हा येतो.

शेवटी एक परीक्षा. कोरड्या, गार थर्मासमध्ये नाक घालून वास नीट कळत नाही. त्यात साधे गरम पाणी भरून झाकण लावावे, दहा मिनिटांनी उघडून लगेच वास घ्यावा आणि पाणी पेल्यात ओतून एक घोट स्वतः चाखावा. पाण्याला पाण्याचीच चव असेल, तरच तो थर्मास रुग्णाच्या उशाशी ठेवावा.