इंग्रजीचा नाजरा आता पुरे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे शादीखान्यात गुणगौरव समारंभ होतो. ट्रॉफी, शाल, पुष्पगुच्छ आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण : ‘मुलांनो, इंग्रजी सुधारा, स्पर्धेचं युग आहे.’ मी हे भाषण आधी खाली बसून ऐकलं, आता कधीकधी स्टेजवर बसून ऐकतो. इंग्रजी सुधारायचं म्हणजे उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे सांगणारा पाहुणा मला अजून भेटलेला नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी कॅट दिली. गणितात चांगले गुण मिळाले, इंग्रजीच्या विभागात आपटलो. आयआयएम प्रत्येक विभागाची किमान पातळी वेगळी ठरवतात, त्यामुळे एक विभाग पडला की दार बंद. अब्बांनी पैसे जमवून क्लासची फी भरली होती. क्लासने शब्दांची जाडजूड यादी दिली होती, ती मी पाठ केली होती. उताऱ्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मला कळत होता. तरी उत्तरं चुकत होती.

कारण कळलं ते पुढच्या वर्षी, तेही मराठीमुळे. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. एकदा एका मित्राने मराठी अग्रलेख वाचायला दिला आणि विचारलं, ‘लेखकाचं म्हणणं एका वाक्यात सांग.’ मी विषय सांगितला, म्हणणं सांगता आलं नाही. म्हणजे दुखणं इंग्रजीच्या आधीचं होतं.

लहानपणी आपण कुराण नाजरा शिकतो : हरफ न् हरफ बरोबर, अर्थ नंतर कधीतरी. त्या वाचनाची जागा वेगळी आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण शाळेत आपण इतिहास नाजरा वाचला, विज्ञान नाजरा वाचलं, गाइडमधली उत्तरं नाजरा वाचली. मग इंग्रजीही तशीच वाचली. डोळे ओळींवरून फिरले, लेखक काय म्हणतोय ते कुणी विचारलं नाही.

परीक्षा नेमकं तेच विचारते. अलीकडच्या वर्षांत कॅटच्या या विभागात ४० मिनिटांत २४ प्रश्न असतात आणि त्यातले १६ चार उताऱ्यांवर असतात. पर्यायी प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तर ३ गुण, चुकलं तर १ वजा. सापळा कसा असतो, ते मराठीतच बघा. समजा, उतारा असा आहे :

‘फेरीवाल्यांमुळे रस्ते अडतात, असं नगररचनाकार मानत आले. पण फेरीवाले असलेल्या रस्त्यावर रात्री बायकांना निर्धास्त वाटतं, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात येत नाही.’

लेखकाचं म्हणणं काय? पहिला पर्याय : फेरीवाल्यांमुळे रस्ते अडतात. हे नगररचनाकारांचं मत, लेखकाचं नाही. दुसरा : फेरीवाले असलेला प्रत्येक रस्ता सुरक्षित असतो. ‘प्रत्येक’ हा शब्द लेखकाने वापरलेलाच नाही. तिसरा : फेरीवाल्यांना परवाने दिले पाहिजेत. चौथा : रस्त्यांचा विचार करताना नगररचनाकारांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. उत्तर चौथं.

माझ्यासारखे बहुतेक तिसऱ्यावर जातात, कारण ते आपल्याला पटतं. उताऱ्यात ते कुठेच नाही. यात इंग्रजीचा एक शब्द नाही, तरी पाय घसरतो.

म्हणून ‘मराठी माध्यमाने, उर्दू माध्यमाने घात केला’ हे रडगाणं मला मान्य नाही. कर्ज काढून पोरांना इंग्रजी माध्यमात घालणारे आईबाप मी मोहल्ल्यात पाहतो. तिथेही पोरं गाइडच पाठ करतात. इंग्रजी कानावर पडल्याचा फायदा त्यांना मिळतो, हे खरं. पण लेखकाचं म्हणणं पकडता येत नसेल, तर सोळा प्रश्नांपुढे तीही आपल्याच रांगेत असतात.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक आकडा आहे : आयआयएममधल्या ४,७४३ विद्यार्थ्यांत मुस्लिम फक्त ६३. गरिबी, भेदभाव, शाळांची अवस्था ही कारणं खरी आहेत आणि त्यांवर भांडलंच पाहिजे. पण एक काम असं आहे, ज्यासाठी सरकारी आदेशाची वाट बघावी लागत नाही.

रोज पाचशे-सहाशे शब्दांचा एक इंग्रजी लेख वाचा. आवडीचे विषय सोडून वाचा; परीक्षा तुम्हाला विचारून विषय निवडत नाही. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलने चार शब्द लिहा, मराठीत किंवा उर्दूत लिहिले तरी चालतील. मग लेख बंद करा आणि अम्मीला दखनीत सांगा : कोण बोलतंय, काय म्हणतंय, कुणाच्या विरोधात म्हणतंय. अम्मीने ‘फिर?’ विचारलं आणि तुम्ही अडकलात, तर लेख पुन्हा वाचा. शब्द लागतातच, पण वाक्यात भेटलेला शब्द टिकतो, यादीतला परीक्षेआधीच उडतो. तीन महिन्यांनी घड्याळ लावा. एका उताऱ्याला आठ-नऊ मिनिटंच मिळतात. जुन्या प्रश्नपत्रिका नेटवर फुकट आहेत. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : दुसऱ्याचं मत लेखकाचं समजलो, ‘प्रत्येक’कडे दुर्लक्ष केलं, माझंच मत उताऱ्यात घुसवलं. माझ्या वहीत तिसरं कारण सर्वांत जास्त वेळा होतं.

ही सवय परीक्षेपुरती नाही. आपल्याबद्दल रोज इतकं लिहिलं जातं, आणि आपण मथळा वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर भडकतो. समोरच्याने नेमकं काय म्हटलंय ते कळल्याशिवाय त्याला खोडून कसं काढणार?

आणि आता संस्थावाल्यांना. एका समारंभाच्या शाली-ट्रॉफ्यांच्या पैशात एक वाचनखोली सुरू होते : चार टेबलं, दिवे, इंटरनेट, रविवारी असरनंतर एक लेख आणि त्यावर तासभर चर्चा. मुलींसाठी ‘पुढे बघू’ चालणार नाही, पहिल्या दिवसापासून त्याच टेबलावर त्यांची खुर्ची हवी. आज पोरं निदान नाक्यावरच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. पोरी घरातल्या टीव्हीसमोर बसून अभ्यास करतात आणि तरी बोर्डात पुढे येतात.

पुढच्या समारंभात पाहुणे ‘इंग्रजी सुधारा’ म्हणाले की टाळ्या वाजवू नका. उभे राहा आणि अदबीने विचारा : ‘जनाब, मोहल्ल्यात वाचत बसायची खोली कुठे आहे?’