विश्लेषण : साथीच्या पहिल्या दिवसांत बेफिकीर कोण असते, लोक की सरकार?

करोनाच्या सुरुवातीच्या दिवसांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’. पुरावेही तयार असतात. भाजी मंडईतली झुंबड, हातावर विलगीकरणाचा शिक्का असताना रेल्वेने निघालेले प्रवासी, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरलेले घोळके. हे सगळे खरेच आहे. मात्र २०२० सालच्या पहिल्या तीन महिन्यांच्या तारखा ओळीने लावून पाहिल्या, तर बेफिकिरी आधी वर होती आणि तिथून ती खाली झिरपली, असे दिसते.

त्या दिवसांत नेमके काय घडले?

३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण सापडला. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. आपल्याकडे विमानतळांवर तपासणी सुरू होती, पण ती चीन आणि यादीतल्या मोजक्या देशांतून येणाऱ्यांची. शिवाय त्यात बघितला जायचा तो ताप. ज्याला ताप आलेला नाही, तो बाहेर. पुण्यात ९ मार्चला सापडलेले राज्यातले पहिले दोन रुग्ण १ मार्चला दुबईहून परतले होते. दुबई तेव्हा यादीत नव्हती. सर्वच आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी करण्याचा निर्णय झाला ४ मार्चला.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ‘महासाथ’ हा शब्द वापरला. १३ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितले, की ही आरोग्य आणीबाणी नाही, घाबरण्याचे कारण नाही. त्याच दिवशी महाराष्ट्र सरकारने साथरोग कायदा लागू करून मुंबई, पुण्यासह काही शहरांतली चित्रपटगृहे आणि व्यायामशाळा बंद केल्या. आणि २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली, ती चार तासांनी लागू झाली. ‘आणीबाणी नाही’ ते ‘घराची लक्ष्मणरेषा ओलांडू नका’ हे अंतर अकरा दिवसांचे.

मग लोकांनी काय समजायचे होते?

रोज कामावर गेल्याशिवाय चूल पेटत नाही, असा माणूस धोक्याचा अंदाज कशावरून बांधणार? सरकार काय बोलते आणि त्याहून जास्त, सरकार काय करते यावरून. लोकल धावत आहे, कार्यालय सुरू आहे, धुळवड झाली, केंद्रीय राज्यमंत्र्यांच्या ‘गो कोरोना गो’वर सगळे हसत आहेत. अशा वेळी तो निर्धास्त राहिला, तर त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही. मिळालेल्या माहितीवरून त्याने काढलेला तो निष्कर्ष होता.

त्यातही सर्वात महत्त्वाची माहिती, म्हणजे रुग्ण किती, तीच अपुरी होती. सुरुवातीला चाचणी व्हायची ती परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातल्यांची. साहजिकच जे बाधित सापडले त्यांचा धागा परदेशाशी जुळायचा आणि त्यावरून ‘समूह संसर्ग नाही’ असे सांगितले जायचे. जिथे जाळे टाकलेच नाही, तिथे मासे नाहीत असे म्हणण्यासारखे हे होते. गंभीर श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल असलेल्या प्रत्येकाची चाचणी करण्याचे धोरण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आणले ते २० मार्चला.

केरळचे उदाहरण नेहमी दिले जाते. २०१८च्या निपाहचा अनुभव असल्याने तिथली यंत्रणा लवकर हलली, आरोग्यमंत्री रोज आकडे घेऊन समोर येत राहिल्या. पण ९ मार्चला तिरुवनंतपुरममध्ये अट्टुकल पोंगालाची प्रचंड गर्दी तिथेही होऊ दिली गेली. उत्सवाला ‘नाही’ म्हणणे कोणत्याच सरकारला सोपे जात नाही.

हे पहिल्यांदाच घडले का?

नाही. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागातला आजार ग्रंथिक प्लेग असल्याचे महापालिकेत सांगितले. अधिकाऱ्यांच्या तोंडी मात्र काही काळ ‘गाठींचा ताप’, ‘सौम्य प्रकार’ अशीच भाषा होती. प्लेगचे बंदर म्हणून नाव झाले तर व्यापाराचे काय, ही धास्ती होती. प्लेग मान्य केल्यावर प्रशासन एकदम दुसऱ्या टोकाला गेले. रुग्णांना जबरदस्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार घेतले गेले. लोक आजारी माणसाला घरात लपवू लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, तेव्हा सक्ती सैल करावी लागली. पुढे पुण्यात रँडच्या काळात काय झाले ते शाळेत शिकवले जाते. त्याआधीचे मांडवीतले आठवडे सहसा कुणी शिकवत नाही.

कायदा कुणाला बांधतो?

मार्च २०२० मध्ये वापरलेला साथरोग कायदा त्याच प्लेगच्या धामधुमीत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झालेला आहे. तो जेमतेम चार कलमांचा. सरकारला हवे ते आदेश काढण्याचा अधिकार, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आणि आदेश राबवणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण, एवढेच त्याचे सार. रुग्णसंख्या किती दिवसांत जाहीर करायची, चाचणी कुणाला नाकारता येणार नाही, बंदच्या काळात मजुरी बुडालेल्याचे काय, यावर त्यात एक शब्द नाही. २०२० मध्ये दुरुस्ती झाली, ती प्रामुख्याने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी. तिची गरज होतीच, पण शिक्षेची बाजू तेवढी आणखी जड झाली.

विधि आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे सांगून त्यात व्यापक बदल किंवा नवा कायदा सुचवला आहे. नवा मसुदा येईल तेव्हा त्यात दंडाची रक्कम किती हे वाचले जाईलच. त्याआधी एक कलम शोधावे, पहिला संशयित रुग्ण सापडल्यापासून किती तासांत सरकारने ते लोकांना सांगितलेच पाहिजे, याचे.