सीझन संपला, आता तरी मनगट दाखवा

"डॉक्टर, मनगट मुरगळलं होतं. आता थोडंच दुखतं."

मोटोक्रॉस चालवणाऱ्या मुलांकडून हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कधी पडलास? उत्तर येतं, "मार्चमध्ये." आणि आम्ही बोलत असतो ऑगस्टमध्ये!

मधल्या काळात काय केलं? क्रेप बँडेज घट्ट बांधलं, स्प्रे मारला, कुणाकडून तरी चोळून घेतलं आणि शर्यती पूर्ण केल्या. चूकच, पण एकवेळ समजू शकतो. माझं भांडण आहे ते त्यानंतरच्या मोकळ्या महिन्यांबद्दल. या दिवसांत बाइक गॅरेजमध्ये जाते. इंजिन खोललं जातं, पिस्टन बदलतो, फोर्कचं ऑइल बदलतं, एकेक बेअरिंग हाताने फिरवून बघितलं जातं. आणि बाइक चालवणारा? तो जिममध्ये दंड फुगवतो, प्रोटीनचे डबे संपवतो आणि दर रविवारी "हात बसलेला राहावा" म्हणून ट्रॅकवर जातो. मनगट तसंच दुखतंय.

आता एक करून बघा. अंगठा वर ताणा. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा दिसेल. पडल्यानंतर तिथे दाबून दुखत असेल, तर ते 'मुरगळणं' म्हणून सोडून देऊ नका. त्या खळग्याखाली काजूएवढं स्कॅफॉइड नावाचं हाड असतं. हात टेकून पडलं की ते मोडू शकतं. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं आणि तिथून मागे, कोपराच्या दिशेने जातं. हाड मध्ये मोडलं की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडाच मरतो.

"पण एक्स-रे नॉर्मल होता!" हो, असू शकतो. ही भेग पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. म्हणूनच संशय असेल तर हात आधार देऊन ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात, किंवा एमआरआय करतात. पहिला फोटो घेऊन घरी गेलात आणि परत आलाच नाहीत, तर त्यात एक्स-रेचा काय दोष?

वेळेवर कळलं तर काही आठवड्यांचं प्लास्टर किंवा एक छोटा स्क्रू. उशीर झाला तर कमरेचं किंवा हाताचं हाड घेऊन कलम करावं लागतं आणि तेही दरवेळी जुळतंच असं नाही. काहीच केलं नाही तर काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजतो. विशीतल्या मुलाला मी हे सांगतो तेव्हा तो मोबाइलकडे बघत असतो. वडील मात्र ऐकत असतात.

"थांबलो तर स्टॅमिना जाईल" हा नेहमीचा युक्तिवाद. जागतिक स्पर्धेतली एक मोटो ३० मिनिटं अधिक दोन लॅपची असते, आणि त्याच दिवशी अशा दोन. तेवढा वेळ हृदय जवळजवळ कमाल वेगाने धडधडत असतं. हा दम दंडाने येत नाही. तो स्टॅटिक सायकलने, पायांच्या आणि पोट-पाठीच्या व्यायामाने येतो. यातलं बरंचसं हात प्लास्टरमध्ये असतानाही तुमच्या डॉक्टरांना विचारून करता येतं. बाइक गुडघ्यांनी धरता आली की हँडल आवळावं लागत नाही, त्यामुळे पुढचे हात दगडासारखे भरून येण्याचा त्रासही कमी होतो. जड डंबेल उचलून तो जाईल या भ्रमात राहू नका.

टीमवाल्यांना आणि पालकांनाही सांगतो: इंजिनच्या कामाला जसे पैसे बाजूला काढता, तसे एका एमआरआयचे काढा.

येताना जुने सगळे एक्स-रे आणा, आणि पडल्याची तारीख खरी सांगा.