विठाबाईंची ती रात्र आणि आपण प्रेक्षक

तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. खेळ रंगात आला आणि कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली, लुगडं घट्ट आवळलं आणि पुन्हा लोकांपुढे आल्या. व्याख्यानांत आणि सत्कारसमारंभांत ही गोष्ट सांगताना वक्त्याचा गळा दाटून येतो. मग टाळ्या पडतात.

या टाळ्यांची मला लाज वाटते. विठाबाई थोर कलावंत होत्या, याबद्दल कुणाचं दुमत असण्याचं कारण नाही. पण ही गोष्ट त्यांच्या थोरवीची म्हणून सांगताना, त्या रात्री समोर बसलेल्या माणसांबद्दल आपण चकार शब्द काढत नाही. नऊ महिन्यांची गरोदर बाई नाचते आहे, हे पहिल्या रांगेतल्या माणसाला दिसत नव्हतं? त्याच्या घरात कुणी बाळंतीण झाली नव्हती? काहीजण सांगतात, ती परत आली तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनीच हात जोडून तिला थांबवलं. तसं झालं असेल तर त्या लोकांना दुवाच द्यायला हवा. पण मग ही माणुसकी जागी व्हायला आधी मूल जन्माला यावं लागलं, हेही सांगायला हवं.

ती परत का आली असेल, याचा विचार करा. खेळ मोडला तर त्या रात्रीचे पैसे बुडतात आणि फडातल्या साऱ्या माणसांची चूल विझते. पब्लिक खवळलं तर कनाती फाटतात, दगड येतात. फडावर आयुष्य काढलेल्या कुणालाही विचारा, ही भीती त्यांच्या अंगात मुरलेली असते. कलेवरचा जीव होताच, पण पाठीशी हा धाकही होता. आपण धाक विसरलो आणि जीव तेवढा कौतुकाला ठेवला.

याच बाई राष्ट्रपतींच्या सन्मानाच्या मानकरी. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा हाती काही उरलं नव्हतं. दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. पुढे चारेक वर्षांतच राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे. पण ज्या आयुष्यात औषधपाण्याला पैसे पुरले नाहीत, त्या आयुष्याचा गौरव मागाहून करताना आपल्याला थोडं तरी अवघडायला हवं होतं.

चैत्र जवळ आला की पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. यात्रेत खेळ असतो त्या रात्री गाव वेडं होतं. शिट्ट्या, फेटे उडवणं, नोटा दाखवून बाईला जवळ बोलावणं, सगळं होतं. आणि सकाळी? तीच बाई गावात पाणी मागायला गेली तर तिच्याकडे कुठल्या नजरेनं पाहिलं जातं, हे फडातल्या बायकांना विचारा. तमाशा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी जगवला त्यांत महार, मांग, कोल्हाटी अशा, गावानं वेशीबाहेर ठेवलेल्या जातींचा वाटा सर्वांत मोठा. रात्री या बायकांवर हक्क सांगणारा आणि दिवसा विटाळ मानणारा माणूस एकच होता. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मध्ये आलं आणि मराठी वाचक हळहळला. नाचणाऱ्या आईचा मुलगा डॉक्टर झाला, याचं कौतुक झालं. पण त्याच्या नावात बापाच्या जागी आई का, याचं उत्तर आपल्याच गावांतल्या प्रतिष्ठित घरांत होतं. तिकडे बोट दाखवायला फार थोडे पुढे आले.

बायकांचंच नाही. कोल्हापूरचे गणपत पाटील आठवा. तमाशापटांतला बायकी ढंगाचा नाच्या म्हणजे गणपत पाटील, असं समीकरण झालं होतं. ते पडद्यावर आले की थिएटर हसून लोळायचं. ते बायकापोरांचे, संसारी गृहस्थ. नाच्याची चाल, मान, हात हे सगळं त्यांनी मेहनतीनं कमावलेलं. पण लोकांनी सोंग खरं मानलं. रस्त्यात टवाळी झाली, पुरुषपणावर शंका घेतली गेली, मुलांची लग्नं जमवताना सोयरिकीचे दरवाजे बंद होऊ लागले. एखाद्या माणसाच्या अभिनयाला याहून क्रूर दाद कोणती असेल? शिवाय ज्यांना खरोखरच तसं जगावं लागतं, त्यांचा आपण किती तिरस्कार करतो, हेही त्या हसण्यातून उघडं पडलं. २००८ साली गणपत पाटील गेले. त्यांना हसलेल्या लाखो माणसांपैकी किती जणांनी त्यांच्या मुलीला सून करून घेतलं असतं?

निळू फुले सेवादलाच्या मुशीत घडलेले, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी गावोगाव फिरणारे. तरी पडद्यावर त्यांनी रंगवलेल्या खलनायकी पाटलामुळे गावोगावच्या बायका त्यांना बिचकत. ललिता पवारांचा डोळा १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं अधू झाला. पुढे आपण त्याच डोळ्याकडे पाहून त्यांना खाष्ट सासू म्हणत राहिलो. ही दुखापत आहे, हे किती जणांच्या मनात आलं?

आता हातात फोन आला आहे आणि शिवी थेट पोचते. मालिकेत सुनेचा छळ करणाऱ्या नटीला लोक मध्यरात्री तिच्या खऱ्या मुलाबाळांवरून तळतळाट पाठवतात. दिवसाचे बारा-तेरा तास सेटवर घालवून ती घरी येते आणि हे वाचते. २०२३ मध्ये लावणीच्या कार्यक्रमांनी गाजणाऱ्या एका तरुणीचं कपडे बदलतानाचं चोरून केलेलं चित्रण राज्यभर फिरलं. चोर एक असेल. पण पुढे ते लाखो फोनांवर ज्यांनी पाठवलं, ते कोण होते? तिच्या कार्यक्रमाला पत्र्यावर चढून बसणारेच ना? स्वतःला तिचे चाहते म्हणवणारेच ना? चित्रण आलं आणि ज्यानं ते पुसून टाकलं, पाठवणाऱ्याला दोन शब्द सुनावले, तो एक माणूस मला हजार चाहत्यांहून मोलाचा वाटतो. अशी माणसं आहेत. ती थोडी आहेत आणि गप्प आहेत.

चाहत्याच्या मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो: मी तिकीट काढलं, मी तुला मोठं केलं, आता तू माझी. तुझं हसणं माझं, तुझं लग्न माझ्या पसंतीचं, तुझं आजारपण माझ्या गप्पांचा विषय. तिकिटानं खेळ विकत मिळतो. माणूस विकत मिळत नाही, ही साधी गोष्ट आपण मुलांना शिकवत नाही, कारण आपल्यालाच ती पटलेली नाही. हा हक्क सांगणारे अडचणीच्या वेळी मात्र दिसत नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर करोनामुळे सगळं बंद झालं. पुढच्या वर्षीही यात्रा भरल्या नाहीत. दोन हंगाम बुडालेल्या फडांची दैना तेव्हा वर्तमानपत्रांतून येत होती. वर्षानुवर्षं ज्यांनी जत्रेची रात्र उजळली, त्यांच्या राहुटीत धान्य पोचवावं असं किती यात्रा कमिट्यांना वाटलं? काहींना वाटलं, त्यांचं भलं होवो. बाकीच्यांकडे देवळाच्या कळसाला पैसे होते.

म्हणून यात्रा कमिट्यांपुढे माझं मागणं आहे. फडाची सुपारी ठरवाल त्याच दिवशी काही गोष्टी कागदावर लिहून घ्या. कपडे बदलायला चारी बाजूंनी बंद जागा आणि तिच्या दाराशी गावच्याच दोन जाणत्या बायका. रात्रभर पाणी आणि बायकांसाठी वेगळं शौचालय. ठरलेले पैसे पूर्ण, पाऊस आला तरी, भांडण झालं तरी. बोर्डावर चढणारा, नोट दाखवून हात धरू पाहणारा माणूस, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना, त्याला गावानंच खाली उतरवायचं. आणि फडात कुणी आजारी असेल, कुणी गरोदर असेल, तर त्या बाईनं त्या रात्री बसून राहायचं आणि तिच्या वाट्याचे पैसे गावानं कापायचे नाहीत.